बाजारातला पहिला गाळा : तरुण विक्रेते आणि त्यांना उभं करू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

स्थानिक बाजारातून तरुणांना धंद्याला लावायचं म्हटलं की तीन प्रकारची माणसं प्रश्न घेऊन येतात. बाजार चालवणारे, संस्था-महाविद्यालयांतले कार्यकर्ते आणि स्वतः गाळा मांडू पाहणारी मुलं-मुली. या मुलांच्या मागे काळजीत पडलेले आईवडीलही असतात. प्रश्न सगळ्यांचे एकमेकांत मिसळलेले आहेत, म्हणून उत्तरंही तशीच आहेत. आपल्या कामाचं तेवढं वाचलं तरी चालेल. भाड्याचा आणि शेजाऱ्याचा प्रश्न मात्र कुणी वगळू नये.

दुकान आहे, ऑनलाइन विक्री आहे. मग बाजारच कशाला?

चूक स्वस्तात होते म्हणून. दुकान घ्यायचं तर अनामत, करार, फर्निचर हे सगळं पहिली वस्तू विकण्याआधी द्यावं लागतं, आणि अंदाज चुकला तरी भाडं चुकत नाही. बाजारात एका दिवसाचा गाळा घेता येतो. माल उठला नाही तर पुढच्या खेपेला दुसरा आणता येतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ऑनलाइन विक्रीत ऑर्डर आली की नाही एवढंच कळतं, का आली नाही ते कळत नाही. गाळ्यावर सगळं डोळ्यांसमोर घडतं. बाई थांबली, वस्तू उचलली, उलटी करून पाहिली, शेजारणीला काहीतरी म्हणाली आणि ठेवून दिली. त्या एका वाक्यात पुढच्या आठवड्याचा धडा असतो. कान उघडे पाहिजेत.

मोठी उदाहरणं हवीच असतील तर दोन आहेत. मायकल मार्क्स या स्थलांतरित तरुणाने १८८४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या कर्कगेट बाजारात गाळा मांडला, त्यातून पुढे 'मार्क्स अँड स्पेन्सर' ही दुकानांची मोठी साखळी उभी राहिली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जॅक कोहेनने १९१९ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात सैन्याचा उरलेला माल विकायला सुरुवात केली, त्यातून 'टेस्को' ही सुपरमार्केटची साखळी झाली. पण या गोष्टी पहिल्याच बैठकीत मुलांना सांगू नयेत असं माझं मत आहे. त्याच काळात त्याच बाजारांत बसलेले बहुतेक लोक शेवटपर्यंत गाळ्यावरच राहिले. एका गाळ्यावर घर चालवलं, मुलं शिकवली, याला कुणी अपयश म्हणू नये.

वर्षातून एकदा 'युवा बाजार' भरवला तर पुरे नाही का?

नाही. त्या दिवशी येणारं गिऱ्हाईक म्हणजे आत्या, मामा, वर्गमित्र आणि पाहुणे म्हणून बोलावलेले पदाधिकारी. सगळा माल संपतो, फोटो निघतात आणि मुलाला वाटतं धंदा जमला. आत्या दर आठवड्याला तीच वस्तू घेत नाही, हे त्याला दुसऱ्या खेपेला कळायला हवं. पण दुसरी खेप ठरवलेलीच नसते.

एकदिवसीय बाजार निरुपयोगी आहे असं नाही. इंग्लंडच्या स्टॉकपोर्टमध्ये टॉम आणि जो बॅरेट या दोन भावांनी २०१२ मध्ये किशोरवयीन विक्रेत्यांसाठी 'टीनएज मार्केट' सुरू केलं. गाळे मोफत, सोबत तरुण गायक-वादकांसाठी मंच. एरवी बाजारात न फिरकणारी पिढी त्या दिवशी आली आणि पुढे इतर गावांनीही तो प्रकार उचलला. भीड चेपायला, धंदा आपल्याला मानवतो का ते पाहायला असा दिवस फार चांगला. मात्र तो जाहीर करतानाच पुढच्या सहा-आठ बाजारांच्या तारखा आणि जागा ठरलेल्या असाव्यात. गिऱ्हाईक माणसाला नंतर ओळखतं, आधी जागेला ओळखतं. 'मागच्या वेळी इथेच बसला होतास ना?' हे वाक्य ऐकू आलं की धंद्याला सुरुवात झाली असं समजावं.

कमीत कमी वय किती असावं?

कायदा ठिकाणागणिक बदलतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या करारात कामासाठी सर्वसाधारण किमान वय १५ धरलं आहे आणि शाळेला बाधा न आणणाऱ्या हलक्या कामासाठी १३ ते १५ या वयाला सवलत आहे. भारताच्या २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात विक्री प्रमाणपत्रासाठी १४ वर्षं पूर्ण असण्याची अट आहे. ब्रिटनमधल्या बाजार-विक्रेत्यांच्या राष्ट्रीय महासंघाची तरुण विक्रेत्यांची स्पर्धा १६ ते ३० या वयोगटासाठी असते.

व्यवहारात मला १६ च्या पुढचं वय बरं वाटतं. त्याआधी मूल गाळ्यावर असेल तर जबाबदार मोठं माणूस सोबत हवं आणि पैशांचा व्यवहार त्याच्या नजरेसमोर. सज्ञान नसलेल्या मुलाच्या नावावर करार करू नये. पालकाच्या किंवा संस्थेच्या नावावर गाळा घ्यावा, पाटी मात्र मुलाच्या नावाची लावावी.

गाळ्याचं भाडं माफ करावं का?

पहिले एक-दोन बाजार जरूर माफ करा. त्यापुढे नको.

फुकट गाळ्याचं काय होतं ते कुठल्याही बाजार निरीक्षकाला विचारा. आभाळ भरून आलं की मूल येत नाही. परीक्षा असली की येत नाही. कंटाळा आला तरी येत नाही, कारण न येण्याने खिशातून काही जात नाही. रिकामा गाळा मात्र शेजारच्या दोघांचंही नुकसान करतो. ओळीत मोकळी जागा दिसली की गिऱ्हाईक तिथूनच मागे फिरतं.

उलट पहिल्या दिवसापासून पूर्ण भाडं लावलं तर खप जमायच्या आत भांडवल भाड्यात जातं. मधला रस्ता चढत्या भाड्याचा. सिंगापूरमध्ये निम्मे खाद्यविक्रेते साठीच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे झाले आणि पुढची पिढी कुठून येणार हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा खाद्यविक्रेत्यांच्या बाजारांचा कारभार पाहणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये नवख्यांसाठी उपकरणं बसवलेले तयार गाळे काढले आणि सुरुवातीचे महिने बाजारभावाच्या निम्मं भाडं ठेवलं. २०२० पासून त्याला प्रशिक्षण आणि मुरलेल्या विक्रेत्याच्या हाताखालची उमेदवारी जोडली. या क्रमात शहाणपण आहे. आधी दुसऱ्याच्या गाळ्यावर राबायचं, मग सवलतीत स्वतःचा गाळा, शेवटी पूर्ण भाडं.

सवलत कधी आणि किती कमी होणार हे पहिल्या दिवशी लेखी द्या. 'बघू पुढे' म्हटलं की पुढे भांडण ठरलेलं. छोटी अनामत घ्या आणि सलग सगळे बाजार भरले तर ती परत करा. हजेरी सुधारायला एवढं बहुधा पुरतं.

तरुणांसाठी वेगळी रांग करावी की जुन्यांमध्ये मिसळावं?

मिसळावं. वेगळी रांग पाहुण्यांना दाखवायला सोयीची असते आणि नेमकी तीच बाजाराच्या टोकाला, कुणी फिरकत नाही अशा जागी मिळते, कारण चांगली जागा आधीच गेलेली असते. दोन नवखे शेजारी बसले की दोघेही मोबाइलमध्ये डोकं घालतात. नवख्याच्या एका बाजूला तरी मुरलेला विक्रेता हवा. सगळ्या गावाची ये-जा असलेल्या नाक्यावरचाच गाळा द्या असं म्हणणं नाही. पण माणसं ज्या वाटेने जातात त्या वाटेवरचा तरी द्या.

जुने विक्रेते विरोध करतात. त्यांना कसं समजवायचं?

आधी त्यांचं म्हणणं ऐकून घ्या. बहुतेक वेळा ते बरोबर असतं. वर्षानुवर्षं पूर्ण भाडं भरून उन्हापावसात बसणाऱ्या माणसाशेजारी कुणी सवलतीत तोच माल घेऊन बसला, तर त्याने टाळ्या का वाजवाव्यात? म्हणून नियम करा की सवलतीच्या गाळ्यावर त्या ओळीत आधीच विकला जाणारा माल चालणार नाही. निवड समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी घ्या. भारतातल्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समितीच्या सदस्यांपैकी किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. बाजारात ज्याचं पोट आहे त्याला विचारल्याशिवाय बाजाराची रचना बदलू नये, हा त्यामागचा विचार इथेही लागू पडतो.

मग त्याच माणसाला गुरू करा, आणि फुकटात नाही. नवख्याला शिकवण्याच्या बदल्यात त्याच्या भाड्यात सूट द्या. नैरोबीच्या दांडोरा वस्तीत झालेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. धंद्यात नवख्या असलेल्या काही स्त्रियांना वर्गात बसवून शिकवलं, काहींना त्याच वस्तीतल्या यशस्वी व्यावसायिक स्त्रीशी जोडून दिलं. वर्गाने नफ्यात फारसा फरक पडला नाही. जोडीने सरासरी २० टक्के पडला. कारण अगदी साधं होतं, माल स्वस्त कुठे मिळतो ते मार्गदर्शक बाईने सांगितलं. हे कुठल्याही पुस्तकात नसतं. भेटीगाठी थांबल्यावर फायदाही ओसरत गेला, हेही त्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे एकदा ओळख करून देऊन काम संपत नाही, ती जोडी टिकेल असं बघावं लागतं.

प्रशिक्षण किती दिवसांचं हवं?

तुमच्या मनात आहे त्याहून कमी. ताळेबंद, विपणनाची तत्त्वं, उद्योजकतेचे प्रकार हे गाळा मांडायच्या आधी शिकवलं की कानावरून जातं. दोन बाजार झाल्यावर तीच मुलं स्वतःहून विचारायला येतात.

काय शिकवायचं याबद्दल दोन अभ्यास उपयोगी आहेत. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या व्यावसायिकांच्या एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं आणि दुसऱ्याला घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवण्यासारखे मोजके साधे ठोकताळे. ठोकताळे शिकलेल्यांचा कारभार सुधारला, हिशेबशास्त्र शिकलेल्यांचा फारसा नाही. टोगोची राजधानी लोमे इथे १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या व्यवसाय-प्रशिक्षणाने नफ्यात ठोस म्हणावी अशी वाढ झाली नाही. पुढाकार कसा घ्यावा, अडचण आली की तिला वळसा कसा घालावा, दुसऱ्यापेक्षा वेगळं काय देता येईल, हे शिकवलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला.

तेव्हा दीड-दोन दिवस आधी, आणि नंतर प्रत्येक बाजार उठल्यावर अर्धा तास. त्या अर्ध्या तासात तीनच गोष्टी विचारा. काय विकलं, काय पडून राहिलं, गिऱ्हाईक काय मागून गेलं जे तुझ्याकडे नव्हतं.

भांडवल किती द्यावं, आणि अनुदान की कर्ज?

पहिल्या मालासाठी कर्ज काढू नये. एका बाजारात विकला जाईल एवढाच माल, घरच्या पैशातून किंवा संस्थेच्या छोट्या मदतीतून. टेबल, छत, वजनकाटा या वस्तू संस्थेने घेऊन फिरत्या ठेवाव्यात. दर मुलाला नवं टेबल देण्याची काही गरज नाही.

अनुदानाने फरक पडतो का? पडतो, पण किती काळ ते पाहा. युगांडात तरुणांच्या गटांना शिवणकाम, सुतारकाम यांसारखे धंदे शिकून उभे करण्यासाठी रोख रक्कम दिली गेली. चार वर्षांनी त्यांचं उत्पन्न इतरांपेक्षा ३८ टक्के जास्त होतं. नऊ वर्षांनी इतरांनी त्यांना गाठलं आणि उत्पन्नातला फरक जवळपास पुसला गेला. याचा अर्थ पैसे वाया गेले असा मी घेत नाही. पोरांना काही वर्षं लवकर उभं राहता आलं, ही काही लहान गोष्ट नाही. पण 'एकदा पैसे दिले, आयुष्य मार्गी लागलं' असं कुणी छापील पत्रकात लिहू नये.

कर्ज घ्यायचंच तर खप कळल्यानंतर, आणि पायरीपायरीने. भारतात २०२० पासून पथविक्रेत्यांसाठी असलेल्या पीएम स्वनिधी योजनेची रचना अशीच आहे. पहिलं कर्ज छोटं, ते वेळेवर फेडलं की दुसरं मोठं, त्यानंतर तिसरं.

काय विकावं?

हे बाहेरच्याने सांगायची गोष्ट नाही. तरी दोन कसोट्या लावून पाहाव्यात. एक, माल परत परत लागणारा आहे का? शोभेची वस्तू माणूस एकदा घेतो, संपणारी वस्तू महिन्याला घेतो. दोन, आणखी नग करायचे ठरले तर ते होतील का? एक सुबक वस्तू करायला तीन संध्याकाळ लागत असतील तर मागणी आली की धंदाच अडतो. हाताने केलेल्या वस्तूंच्या बाबतीत नवखी मुलं स्वतःचा वेळ फुकट धरतात. खरा नफा तिथेच गळतो.

दुसऱ्याकडून घाऊक आणून किरकोळ विकण्यात कमीपणा नाही. 'स्वतः बनवलं तरच उद्योजक' हा आग्रह संस्थांचा असतो, बाजाराचा नसतो.

दर कसा ठरवायचा? आणि सूट?

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ असतो, म्हणून सावकाश पाहू.

शंभराला पडलेली वस्तू दीडशेला विकली तर मूल म्हणतं, पन्नास टक्के सुटले. खरेदीवर पन्नास, बरोबर. पण गल्ल्यात आलेल्या दीडशेपैकी त्याचे पन्नास, म्हणजे विक्रीच्या एक तृतीयांश. गल्ला मोजताना हा दुसरा आकडा डोक्यात हवा, नाहीतर रात्री हातातल्या सगळ्या नोटा आपल्याच वाटतात.

आता गाळाभाडं, येण्याजाण्याचा खर्च, पिशव्या, चहापाणी मिळून दिवसाचा खर्च सहाशे धरा. प्रत्येक नगामागे पन्नास सुटतात, तर पहिले बारा नग फक्त खर्च भरून काढतात. कमाई तेराव्या नगापासून. बाजार चार तासांचा असेल तर दर वीस मिनिटांना एक नग गेला तरच दिवस फुकट जात नाही. हे गणित पाठकोऱ्या कागदावर लिहून गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवलं तर दर वेळी डोळ्यांसमोर राहतं.

सूट देताना हेच गणित पुन्हा करा. दहा टक्के सूट म्हणजे दीडशेचे एकशे पस्तीस. गिऱ्हाइकाला पंधरा वाचले, विक्रेत्याचे पन्नासाचे पस्तीस झाले. म्हणजे कमाई तीस टक्क्यांनी घटली. खर्च भरून काढायला आता बाराऐवजी अठरा नग लागतात. सूट द्यायचीच तर एका नगावर देऊ नये, तीन घेतले तर द्यावी.

गिऱ्हाईक घासाघीस करतं, मुलं बावरतात.

आधीच तळाचा दर ठरवून यावा आणि त्याखाली 'परवडत नाही हो' एवढंच हसून म्हणावं. मालाची उत्पादनखर्चासकट कैफियत सांगत बसू नये.

मांडणीत काय चुकतं?

पहिली चूक, दर न लिहिणं. लाजरं गिऱ्हाईक दर विचारत नाही, पुढे जातं. मायकल मार्क्सला इंग्रजी जेमतेम येत होतं. त्याने सगळ्या वस्तूंना एकच दर ठेवला आणि 'किंमत विचारू नका, एक पेनी' अशी पाटी लावली. भाषेची अडचण गेली आणि गिऱ्हाइकाचा संकोचही गेला.

दुसरी चूक, सगळा माल सपाट टेबलावर पसरणं. चालत्या माणसाला टेबलाचा पृष्ठभाग दिसत नाही, उभी रांग दिसते. मागे खोकी ठेवून त्यावर कापड टाकलं आणि पायऱ्या केल्या तरी दहा पावलांवरून माल नजरेत येतो. तिसरी, खुर्ची. बसलेला विक्रेता मोबाइल काढतो आणि मान खाली गेली की गिऱ्हाईक हाक मारत नाही. उभं राहून हाताला काहीतरी काम ठेवावं. माल पुसावा, लावावा, वजन करून बांधावा.

रोख की क्यूआर कोड?

दोन्ही. मोडीकडे मात्र दुर्लक्ष होतं. केनियात छोट्या व्यावसायिकांच्या पाहणीत आढळलं की जवळ सुट्टे नसल्यामुळे हुकलेल्या विक्रीत त्यांच्या नफ्याचा ५ ते ८ टक्के भाग जात होता. गंमत म्हणजे संशोधक वारंवार येऊन 'किती वेळा मोड नव्हती?' एवढंच विचारत गेले, तरी लोक जास्त मोड ठेवू लागले. भवानी मोठ्या नोटेने झाली आणि गल्ला रिकामा, अशी फजिती पहिल्या बाजारात हमखास होते. आदल्या संध्याकाळीच मोड आणून ठेवावी.

क्यूआरचे पैसे आले की नाही ते स्वतःच्या फोनवर किंवा आवाजाच्या डबीवर पाहावं. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नये. आणि कोड धंद्याच्या खात्याचा असावा, वडिलांच्या खात्याचा नको. नाहीतर महिन्याअखेरीस कोणते पैसे कशाचे ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हिशेब कसा ठेवावा?

एक वही, दोन पाकिटं. वहीत रोजची विक्री, खरेदी आणि खर्च. एका पाकिटात धंद्याचे पैसे, दुसऱ्यात स्वतःचे. स्वतःसाठी घेतले तर तेही वहीत लिहायचे. एवढं सहा महिने झालं की मग अॅपचं बघू.

खाण्याचे पदार्थ विकायचे असतील तर?

अन्नसुरक्षेची नोंदणी आधी, गाळा नंतर. याला अपवाद करू नका, ओळखीच्या घरातलं मूल असलं तरी. जागतिक आरोग्य संघटनेचे नियम लक्षात ठेवायला सोपे आहेत. गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली, आणि शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त नको. हात धुवायला पाणी आणि पैसे घेणारा हात वेगळा. एकट्याला दोन्ही जमत नसेल तर तयार, बंद वेष्टनातला माल विकावा.

परवान्यांचं काय?

स्थानिक संस्थेचं विक्री प्रमाणपत्र किंवा बाजार समितीची पावती, वजनावर विक्री असेल तर काट्याची वैध पडताळणी, खाद्यपदार्थांना वेगळी नोंदणी, वेष्टनबंद मालाला लेबल. संस्थेने ही कागदपत्रं एकदाच समजून घेऊन एका पानावर लिहून द्यावीत. प्रत्येक मुलाने त्याच खिडकीवर तीन चकरा माराव्यात यात कसलंही चारित्र्यसंवर्धन नाही.

पाऊस-वारा आला तर?

पावसापेक्षा वारा वाईट. पावसात गिऱ्हाईक कमी होतं, वाऱ्यात छतच उडतं आणि कुणाच्या तरी अंगावर पडतं. छताच्या प्रत्येक पायाला वजन बांधलेलं असावं, चारही पायांना. दोन बांधले आणि दोन राहिले तर छत उलटं होतं. वारा वाढला की आधी छत उतरवायचं, मग माल आवरायचा. नवखे नेमकं उलटं करतात. आयोजकांचा विमा आहे का आणि त्यात काय येतं, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावं.

एकट्याने करावं की मैत्रिणीसोबत?

गाळा एकाच्या नावावर, पण सोबत कुणीतरी हवं. अहमदाबादच्या 'सेवा' या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेच्या बँकेतल्या ग्राहक स्त्रियांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं तेव्हा काहींना मैत्रिणीला घेऊन यायला सांगितलं होतं. मैत्रिणीसोबत आलेल्यांनी पुढे धंद्यासाठी कर्ज घेण्याचं आणि कमाई वाढवण्याचं धाडस जास्त दाखवलं. धीर येतो तो असा.

भागीदारी मात्र वेगळी गोष्ट आहे. कोण किती पैसे घालतो, कोण किती बाजार बसतो, सोडायचं झालं तर उरलेल्या मालाचं काय, हे मैत्री चांगली असतानाच लिहून घ्यावं.

मुलींना पाठवायला घरचे तयार नसतात.

घरच्यांना पटवण्याआधी बाजार बघा. स्वच्छ स्वच्छतागृह आहे का? तिथे जाताना गाळ्याकडे बघायला कुणी आहे का? अंधार पडल्यावर दिवे लागतात का, घरी जायला वाहन मिळतं का? बऱ्याच मुली पाणीच पीत नाहीत, कारण जायला जागा नाही, आणि दुपारी डोकं धरून घरी जातात. मग अहवालात 'मुलींचा प्रतिसाद कमी' असं लिहिलं जातं. आयोजकांपैकी एका बाईने आईवडिलांना एकदा बाजार दाखवून आणला तर पुढचं बोलणं फार सोपं होतं.

शिक्षण मागे पडेल का?

आठवड्याचा एक दिवस असेल तर नाही. परीक्षेच्या काळात गाळा राखून ठेवायची सोय करारातच ठेवा. रोजचा गाळा शिक्षण संपेपर्यंत नको.

माल पडून राहिला तर?

थोडा राहणारच. काहीच उरलं नाही तर माल कमी आणला होता, एवढाच त्याचा अर्थ. तीन बाजार एकच वस्तू परत घरी जात असेल तर ती खरेदीच्या दरात काढून टाकावी आणि पैसा मोकळा करावा. गोणीत पडलेलं भांडवल नवा माल आणत नाही. उधारीवर मात्र काढू नये. नवख्याची उधारी वसूल होत नाही आणि गिऱ्हाईक तोंड चुकवायला लागलं की तेही जातं.

किती जण टिकले तर उपक्रम यशस्वी म्हणायचा?

देणगीदार हे पहिल्या दिवशी विचारतात आणि संस्था घाईने एखादा आकडा सांगून मोकळ्या होतात. मी वेगळं मोजेन. पूर्ण भाडं लागू झाल्यावर सहा महिन्यांनी किती गाळे चालू आहेत. किती मुलं दुसऱ्या विक्रेत्याकडे किंवा दुकानात कामाला लागली. किती जणांनी हिशेब पाहून, कर्ज न करता धंदा बंद केला. तिसऱ्या गटाला नापासांच्या यादीत टाकू नका. दोन महिन्यांत, थोड्या पैशांत 'हे आपल्याला जमणारं नाही' हे कळलं, तर तो मुलगा दुकानाची अनामत भरून बसण्यापासून वाचला. त्याची वही मात्र मागून घ्या, नावगाव काढून. पुढच्या तुकडीला दाखवायला तीच सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.